एकाच जातीचा मासा कधी तेलकट, कधी कोरडा का लागतो?

तुमचा प्रश्न असा, की पोषणतक्त्यात माशासमोर चरबीचा एकच आकडा असतो, मग तोच मासा काही महिन्यांनी इतका कोरडा का निघतो? आकडा खोटा नसतो, पण बहुधा सरासरीचा असतो. तेलकट माशांच्या बाबतीत मी तरी त्यावर फार विसंबत नाही.

हेरिंगच घ्या, म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला तेलकट समुद्री मासा. उत्तर अटलांटिकमधल्या, वसंतात विणाऱ्या हेरिंगच्या मांसात वीण उरकल्यावर चरबी जेमतेम 2-3 टक्के उरते. उन्हाळाभर चरून झालं की तीच 20 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे 100 ग्रॅम मांसातून चरबीच्या कॅलरी एकदा 20-25 आणि एकदा 180!

वसंतात समुद्रात सूक्ष्म शैवाल फोफावतं. त्यावर जगणारे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातले इवलेसे जीव, स्वतःच अंगात तेल साठवतात आणि हेरिंग त्यांच्यावर ताव मारते. पुढे थंडीत तिचं खाणं जवळपास बंद पडतं, आणि साठवलेली चरबी जगण्यात आणि गाभोळी भरण्यात खर्च होते. मात्र महिने पाठ करून उपयोग नाही. हेरिंगचेच काही कळप शरद ऋतूत वितात, त्यांचं वेळापत्रक वेगळं.

गंमत म्हणजे वजनावरून हे ओळखू येत नाही. चरबी जाते तिथे पाणी भरतं. दोन्हींची बेरीज साधारण 80 टक्क्यांजवळच राहते. म्हणून कमी चरबीचा मासा तव्यावर पाणी सोडतो आणि मग चोथट लागतो. प्रथिनं फारशी हलत नाहीत, तेव्हा त्यासाठी खात असाल तर बिनघोर खा. ओमेगा-3 मात्र चरबीबरोबरच वरखाली होतं.

कॉडसारख्या माशांना हे लागू नाही. त्यांचा साठा यकृतात असतो. मांसात वर्षभर एक टक्क्याच्या आतच चरबी.

घरी ओळखायचं असेल तर साफ करताना पोटात बघा. आतड्याभोवती पांढरट चरबीचे पदर चिकटलेले असतील तर मासा चांगला पोसलेला आहे. गाभोळीने पोट तट्ट फुगलेलं दिसलं की लोक खूश होतात, पण तेव्हा मांसातलं बरंचसं तेल त्या गाभोळीत गेलेलं असतं. अशा वेळी गाभोळी टाकू नका, एवढंच.