मटेरियल निवडतोयस? आधी एवढं बघ

भावा, ड्रॉइंग हातात आलं की लगेच ग्रेड शोधू नकोस. आधी पार्टवर काय येतं ते लिही: ताण, दाब, धक्के, उष्णता, पाणी. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एखादी फौंड्री (ओतकाम कारखाना) बघून ये, निम्मा गोंधळ तिथंच मिटेल.

नवी पोरं हमखास चुकतात ती अशी:

- कडक म्हणजे मजबूत असं धरतात. ग्रे आयर्न (साधं बीड) दाब झकास सोसतं, मशीनची थरथरही जिरवतं, म्हणून लेथचा बेड त्याचा. पण हातोड्याचा जोरदार घाव बसला तर न वाकता सरळ तुटतं. धक्के असतील तर एसजी आयर्न (लगेच न तुटता ताणलं जाणारं बीड) बघ. त्यातली ५००/७ ही ग्रेड म्हणजे ताणाला किमान ५०० एमपीए (मेगापास्कल, ताकदीचं माप), आणि तुटायच्या आधी निदान ७ टक्के लांबतं.
- पार्ट लवतोय म्हणून महागडं स्टील घालतात. ईएन ८ (साधं स्टील) च्या जागी ईएन २४ (महागडं, जास्त ताकदीचं स्टील) घातलंस तरी ताठपणा जवळपास तोच! जाडी वाढव, नाहीतर रिब (आधाराची उभी पट्टी) दे.
- किलोचा भाव बघून खूश होतात. पॅटर्न (ओतकामाचा नमुना), मशिनिंग, रिजेक्शन (बाद होणारे नग) धरून नगाचा भाव काढ.

आणि सहज मिळेल तेच मटेरियल लिही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक चक्कर मार, कळेल. हीट ट्रीटमेंटचं (तापवून-थंड करून धातूचे गुण बदलायचं) सध्या राहू दे. पार्ट कुठला आहे ते सांग, मग बोलू.