रिजेक्शन रिपोर्ट परत का येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिप्लोमा मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष, चाकणच्या एका मशीन शॉपमध्ये इन-प्लांट ट्रेनिंग, क्वालिटीत बसवलंय, आणि तुम्ही लिहिलेला रिजेक्शन रिपोर्ट (मापात न बसलेल्या मालाची नोंद) साहेबांनी तीनदा परत केला. इंग्लिशचा क्लास लावू का, असं विचारताय. आत्ता तरी नको. तुम्ही इथे दिलेला मजकूर मराठीत आहे, आणि तो मराठीतसुद्धा परतच येणार.

तुमची वाक्यं बघा: "दुसऱ्या शिफ्टमध्ये काही जॉबचे बोअर ओव्हरसाइझ असल्याचे निदर्शनास आले. ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे सदर समस्या उद्भवली असावी. तरी योग्य ती कारवाई करण्यात यावी."

(जॉब म्हणजे मशीनवर बनणारा नग, बोअर म्हणजे त्यातलं गोल भोक, ओव्हरसाइझ म्हणजे मर्यादेपेक्षा मोठं.) व्याकरण चोख आहे. पण साहेबांना हे वाचून तीन गोष्टी ठरवायच्या असतात: मशीन चालू ठेवायचं का, आधी बनलेला माल पाठवायचा का, आणि कुणाला कामाला लावायचं. यातली एकही यावरून ठरत नाही. 'काही' म्हणजे किती, किती पैकी? किती ओव्हरसाइझ? ते जॉब आत्ता कुठे आहेत? कॉलेजात जर्नलची पानं भरली की मार्क मिळतात. इथे वाचणारा उभ्या उभ्या वाचतो, एक हात फोनवर ठेवून.

तोच मजकूर असा लिहून बघा (आकडे मी नमुन्यादाखल घातलेत, तुमचे तुम्ही घाला. एच7 ही भोकाच्या मापात किती फरक चालतो त्याची खूण, इन्सर्ट म्हणजे कापणारी बदलता येणारी टीप, वेअर ऑफसेट म्हणजे तिची झीज भरून काढायला मशीनमध्ये घातलेली मापाची दुरुस्ती, सेटर म्हणजे मशीन लावून देणारा):

"फ्लँज, बोअर 25 एच7, ओव्हरसाइझ 14 नग, सीएनसी-3, दुसरी शिफ्ट.
मर्यादा 25.000 ते 25.021 मिमी. मिळालेलं माप 25.027 ते 25.034.
17:00 च्या तपासणीत 25.011, ओके. 18:10 च्या तपासणीत 25.031, मशीन थांबवलं.
मधल्या वेळात 44 नग बनले. सर्व 44 तपासले: 30 ओके, 14 ओव्हरसाइझ. 14 नग टॅग लावून लाल बिनमध्ये.
17:45 ला ऑपरेटरने इन्सर्ट बदलला. वेअर ऑफसेट +0.020 तसाच होता (स्क्रीनवर पाहिला). बदलानंतरच्या पहिल्या नगाची नोंद नाही.
18:25 ला सेटरने वेअर ऑफसेट शून्य केला. पुढचे 5 नग 25.008 ते 25.013. मशीन चालू.
निर्णय हवा: 14 नग स्क्रॅप करायचे का?"

यात 'असावी' कुठेच नाही. जे पाहिलं ते लिहिलंय, आणि कसं पाहिलं तेही. जाणकाराला कारण आपोआप दिसतं: इन्सर्ट झिजतो तसा बोअर बारीक येत जातो, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट थोडा थोडा वाढवत नेतो. नवा इन्सर्ट लावून तो शून्य केला नाही, की पहिल्याच नगापासून तेवढा बोअर मोठा. 'निष्काळजीपणा' हा शब्द तुम्ही कारण म्हणून लिहिला होता, पण तो आरोप आहे. एकदा लिहिलात की ऑपरेटर पुढच्या वेळी तुम्हाला इन्सर्ट कधी बदलला ते खरं सांगणार नाही.

आकडे एकमेकांशी जुळतात का हे पाठवण्याआधी स्वतः तपासा, कारण साहेब तपासतातच. सायकल टाइम 90 सेकंद धरला तर 17:00 ते 17:45 मध्ये 30 नग, पाच मिनिटं इन्सर्ट बदलण्यात, मग 18:10 पर्यंत साधारण 14. बेरीज 44. तुम्ही 60 लिहिले असते तर सगळा रिपोर्टच संशयात गेला असता, आणि बरोबरच आहे ते.

शेवटच्या ओळीत 'रिवर्क' का नाही? बोअर बारीक असता तर पुन्हा मारता आला असता. मोठा झालेला बोअर परत लहान होत नाही. आत स्लीव्ह (पातळ नळी) वगैरे बसवायचं तर ग्राहकाची लेखी परवानगी लागते. ट्रेनी मंडळी सवयीने 'रिवर्क करून वापरावे' लिहितात, आणि मग हा मुलगा शॉपवर उतरलाच नाही हे एका शब्दात कळतं.

माप घेताना जॉब गरम होता का, तेही लिहा. मापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस. 25 मिमीचा स्टीलचा जॉब त्याहून 10 अंश गरम असेल तर जवळपास 3 मायक्रॉन (0.003 मिमी) जास्त दाखवतो. मापात चालणारा एकूण फरकच 21 मायक्रॉन असताना 3 ही चिल्लर नव्हे.

'करण्यात आले', 'घेण्यात येईल' ही रूपं सरकारी पत्रांतून आपल्या हाडात मुरलेली आहेत. शॉपवर ती महागात पडतात, कारण करणारा वाक्यातून गायब होतो. 'ऑफसेट बदलण्यात आला' असं असेल तर तिसऱ्या शिफ्टच्या माणसाने विचारायचं कुणाला? 'सेटरने बदलला, 18:25' एवढं पुरे. नाव नको असेल तर हुद्दा लिहा, पण कर्ता हवाच.

आता कायमच्या उपायाचा रकाना. बहुतेक रिपोर्ट इथेच परत येतात. 'ऑपरेटरला समज दिली' किंवा 'प्रशिक्षण दिले' हे लिहून कुणीही ऑडिटर समाधानी होत नाही. ऑफसेट शून्य करणं ही झाली तात्पुरती दुरुस्ती. पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय, हा वेगळा प्रश्न. आयएसओ 9001 (गुणवत्ता व्यवस्थेचं मानक) हे दोन वेगळे मानतं, एट-डी (8D) या अडचण सोडवण्याच्या पायरीवार पद्धतीतही तात्पुरत्या उपायाला डी3 आणि कायमच्याला डी5 अशा वेगळ्या पायऱ्या आहेत. 'का' विचारत जा: पहिला नग का मोजला नाही? कारण सेटिंग शीटवर शिफ्टच्या सुरुवातीचाच रकाना आहे, इन्सर्ट बदलल्यानंतरचा नाही. मग उपाय: 'शीटवर इन्सर्ट बदल, वेअर ऑफसेट शून्य, पहिल्या नगाचं माप असे तीन रकाने वाढवणे. जबाबदारी सेटर, तारीख अमुक.' माणसाच्या स्वभावाशी येऊन थांबलात तर एक 'का' कमी पडला असं समजा.

रजिस्टरबद्दल थोडं. शब्द शॉपवरचेच वापरा, 'कर्तनसाधन' लिहाल तर सगळे हसतील. अक्षरं मराठी चालतील, पण हाताने लिहिताना आकडे इंग्लिशच ठेवा. देवनागरी १ हा घाईत 9 सारखा दिसतो आणि ४ हा 8 सारखा, आणि गेजवर, ड्रॉइंगवर, स्क्रीनवर सगळीकडे इंग्लिश आकडेच असतात. रात्री बारा ओलांडणाऱ्या शिफ्टला शिफ्ट सुरू झाल्याची तारीख टाका, नाहीतर एकाच शिफ्टचा माल दोन दिवसांत विभागला जातो. चुकलं तर व्हाइटनर नको: एक आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख.

मेल त्या मानाने सोपी. विषयातच काम आणि मुदत येऊ द्या. ज्याने काम करायचं तोच 'टू'मध्ये, बाकी सगळे 'सीसी'त. परदेशी ग्राहकाला तारीख लिहिताना महिना अक्षरात लिहा, 3/4 म्हणजे कुणाला 3 एप्रिल, तर कुणाला 4 मार्च. 'डू द नीडफुल'ला 'योग्य ती कारवाई'चीच बहीण समजा. पत्ता सर्वांत शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल सुटत नाही.

सरावासाठी क्वालिटीकडून बंद झालेले पाच जुने रिपोर्ट मागून घ्या. कारण आणि उपाय झाकून ठेवा, वरची माहिती वाचून स्वतः लिहा, मग ताडून बघा. जुने रिपोर्टही सगळे चांगले नसतात. एखाद्यात 'समज दिली' सापडलं तर त्याच मशीनचा पुढचा महिना उघडून बघा, तेच रिजेक्शन पुन्हा आलंय का.