भिंती पाहायला निघण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

नवी मुंबईतील भित्तिचित्रे पायी हिंडून पाहावीत आणि त्यांची नोंद करावी, हा तुझा बेत पत्रातून कळला. मुंबईतील नावाजलेल्या भिंती सोडून तू आपल्याच शहरापासून सुरुवात करते आहेस, हे मला विशेष आवडले. माहीम-दादर पट्ट्यातील तुळशी पाईप रस्त्याची भिंत २००९ मध्ये लोकांनी मिळून रंगवली, २०१७ मध्ये ससून डॉकमध्ये मोठा कलाप्रकल्प झाला. त्यांविषयी इतके लिहून झाले आहे, की तिथे जाणारा काय पाहायचे ते ठरवूनच जातो. नेरूळच्या किंवा सानपाड्याच्या भिंतीसमोर मात्र तुला स्वतःच्याच नजरेवर भिस्त ठेवावी लागेल.

सर्वप्रथम हे चित्र कोणी काढवून घेतले, हे विचारत जा. आपल्याकडची पुष्कळ भित्तिचित्रे स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने महापालिकेने करवून घेतलेली आहेत, आणि त्यामुळेच ओला कचरा, सुका कचरा, प्लास्टिक आणि पाणी हे विषय जागोजागी भेटतात. त्यांत बंडखोरी शोधू नकोस. ती तिथे नाही, आणि नसल्याबद्दल नाक मुरडण्याचेही कारण नाही. विषय कार्यालयात ठरला असला तरी हात रंगवणाऱ्याचाच असतो, आणि तो हात ओळखण्यातच या फेरफटक्याची खरी गोडी आहे.

रोहित पक्ष्याचेच, म्हणजे फ्लेमिंगोचेच, पाहा. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि या शहराने तो पक्षी आपली खूण म्हणूनच स्वीकारला. आता तो पुलाखाली, कुंपणाच्या भिंतींवर, चौकांतल्या शिल्पांत सर्वत्र उभा आहे. खाडीत येणारे रोहित दोन जातींचे आहेत: मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि टोकाशी काळी असते, तर धाकट्याची चोच गडद लाल, लांबून जवळजवळ काळीच वाटणारी. शिवाय त्याच्या पायाचा जो सांधा आपल्याला गुडघा वाटतो तो खरे तर घोटा असतो, म्हणून पाय तिथे मागच्या बाजूला मुडपतो. ज्याने चिखलाच्या काठी उभे राहून पक्षी पाहिला आहे त्याच्या चित्रात या गोष्टी आपोआप उतरतात. ज्याने मोबाइलवरचा फोटो घाईने मोठा केला आहे त्याचा पक्षी माणसासारखा पुढे गुडघे वाकवून उभा राहतो. असे पक्षी तुला भेटतीलच.

वारलीच्या बाबतीत अधिक कठोर हो. पुलाचा खांब दिसला की त्यावर वारली काढायची, अशी आता सवयच पडली आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता, तेव्हा ही कला आपल्या शेजारची आहे हे खरे. पण मुळात गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, लग्नाच्या वेळी, सवासिनींनी लिहिलेला तो चौक, म्हणजे विधीचे चौकोनी चित्र, होता. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी या कलेला त्या विधीबाहेर कागदावर आणले आणि जगभर नेले. खांबावर ती आली म्हणून बिघडत नाही. मात्र तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीची नाचणाऱ्यांची साखळी साधारणतः मोकळ्या टोकाची, वेटोळे घेत जाणारी असते. तिचे बंद वर्तुळ झाले असेल आणि सगळ्या आकृत्या एका मापाच्या असतील, तर साचा कापून रंग मारला असण्याचा संभव आहे. तसे नोंदवहीत स्पष्ट लिही.

रस्त्याकडेची बरीच चित्रे धावत्या गाडीतून दिसावीत अशा बेताने मोठी काढलेली असतात, म्हणून पायी जाणाऱ्याने आधी दूर थांबून पूर्ण चित्र पाहावे आणि मग हाताच्या अंतरावर यावे. जवळून चौकटींच्या आखणीच्या पुसट रेघा, प्रायमर न मारता दिलेला रंग, पुट्टीला सुटलेले पोपडे आणि जमिनीलगत वर चढणारी ओल दिसू लागते. पोपड्याखाली कधीकधी आधीचे चित्र डोकावते; त्याचीही नोंद हवीच, कारण या भिंती पुनःपुन्हा रंगवल्या जातात आणि जुन्या चित्राचा दाखला बहुधा कुठेच राहत नाही. पावसाळ्यापूर्वी पाहिलेली भिंत दिवाळीच्या सुमारास पुन्हा पाहा. नैऋत्येचा पाऊस झोडपतो ती पश्चिमेकडची बाजू आधी उतरते.

पहिली फेरी सीवूड्स-दारावे स्थानकातून सुरू कर, असे मी सुचवेन. पश्चिमेला उतरून करावे गावातून पामबीच रस्त्याकडे जा. तो रस्ता सिग्नललाच ओलांड, तिथली वाहने कोणाची वाट पाहत नाहीत. सेक्टरमधून गावठाणात शिरलीस की चित्रांचा मालक बदलतो. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. गावे त्याच्या कितीतरी आधीची. देवळाच्या सभामंडपावर, मंडळाच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या पाटीवर जे रंगवलेले आढळेल ते कोणत्याही मोहिमेसाठी काढलेले नसते, आणि फ्लेक्स आल्यापासून हाताने अक्षरे काढणारे पेंटर कमी होत चालल्यामुळे त्या पाट्यांना मी पुलाखालच्या चित्रांइतकेच महत्त्व देतो. एखाद्या दिवशी बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात जाऊन होड्यांवरची नावे आणि रंगही पाहून ये. तिथे आणि गावठाणात फोटो काढण्याआधी विचारायचे. ओट्यावर बसलेल्या मावशीशी दोन शब्द बोललीस, तर ते कोणी रंगवले, कोणत्या वर्षी आणि त्याचे पैसे दिले की नुसतेच जेवण घातले, हेही कळेल. असे तपशील छायाचित्रात येत नाहीत.

कायद्याचेही थोडे भान ठेव. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्याची मोकळीक आहे, पण त्या कलमात भिंतीवरच्या चित्राचा समावेश नाही. म्हणून काही प्रसिद्ध करायचे ठरवलेस, तर कोपऱ्यातली सही वाच, कलाकाराला गाठ, त्याची परवानगी घे आणि त्याचे नाव दे. विनापरवाना फवाऱ्याने लिहिलेले काही दिसले तर तेही टिपून ठेव. मात्र १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा असल्यामुळे लिहिणाऱ्याची ओळख उघड होईल असे काहीही पुढे पाठवू नकोस.

एका फेरीत एकच नोड, म्हणजे वाशी-नेरूळसारखा शहराचा एकच विभाग, घे. उन्हाळ्यात सकाळी लवकर नीघ, कारण पुलाखाली सावली असली तरी कुंपणाच्या भिंतींसमोर ती मिळत नाही. पहिल्या फेरीच्या नोंदी मला पाठव. फोटो थोडे असले तरी चालेल, पण प्रत्येक नोंदीखाली तारीख, सेक्टर किंवा गाव, आणि भिंतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढे लिहिलेले असावे. नोंदी वाचून मग पुढची फेरी वाशीची की घणसोलीची, ते आपण ठरवू.

कळावे.