मॅक्रोत हरवलेली ओळ

प्रश्न: ईमॅक्स लिस्पमध्ये (ईमॅक्स एडिटरच्या प्रोग्रॅमिंग भाषेत) माझा मॅक्रो, म्हणजे कोडपासून नवा कोड बनवणारा तुकडा, वापरला की कंपायलरची वॉर्निंग भलत्याच ओळीवर बोट ठेवते. असं का होतं?

उत्तर: तुमचं ईमॅक्स २९च्या आधीचं असावं. लिस्पचा रीडर मजकूर वाचून याद्या आणि सिंबॉल (म्हणजे कोडमधली नावं) बनवतो; मॅक्रोच्या हाती तेवढंच पडतं, ओळ नि स्तंभ मागेच राहतात. त्यात ‘काउंट’ हे सिंबॉल फाइलीत चाळीस ठिकाणी असलं, तरी मेमरीत ते एकच. त्याच्यावर पत्ता लिहायचा तरी कुठला? जुना कंपायलर अंदाज बांधायचा. एका चुकलेल्या नावापायी मी अख्खी संध्याकाळ निर्दोष फंक्शन तपासत बसले होते. चूक निघाली तीस ओळी खाली. फार चिडले होते तेव्हा.

२०२३च्या २९व्या आवृत्तीत कंपाइल होताना सिंबॉल आपली जागा सोबत बाळगतं, आणि दोन गोष्टी एकच आहेत का हे तपासणारं ‘ईक्यू’ तरीही त्याला साध्या सिंबॉलइतकंच मानतं. म्हणून जुने मॅक्रो बहुतेक तसेच चालतात. किती सुंदर तोडगा! आधी आवृत्ती बदला.

क्लोजर या दुसऱ्या लिस्पमध्ये रीडर यादीला ओळीचा मेटाडेटा (जोडमाहिती) चिकटवतो, पण मॅक्रोने नवी यादी बांधली की तो गळतो. तिथे ‘&फॉर्म’चा (मॅक्रोला मिळालेल्या मूळ यादीचा) मेटाडेटा ‘विथ-मेटा’ने नव्या यादीला लावा. मला मात्र रॅकेट या आणखी एका लिस्पची रीत सर्वांत आवडते: तिथे मॅक्रोला नुसती यादी मिळतच नाही, फाइल, ओळ, स्तंभ आणि लांबी सांगणारा सिंटॅक्स ऑब्जेक्ट मिळतो.