पद्मिनीच्या पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट: सुरुवातीला एवढंच

प्रीमियर पद्मिनी गाडी घेतलीत, मनापासून अभिनंदन! फक्त घाई नको. खालच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्यावर) कॉइल स्प्रिंग दाबून बसलेली असते. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) न लावता तिथले बोल्ट सोडलेत, तर स्प्रिंग उसळून हात मोडेल. ते काम पहिल्यांदा जाणत्या मेकॅनिकसोबतच करा.

बाकी तुम्हाला जमेल:

- गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर ठेवा.
- तारेच्या ब्रशने चिखल काढा. नटाभोवती तांबूस भुकटी दिसली की बोल्ट हलतोय समजा.
- एका वेळी एकच बोल्ट बदला. त्याच्या डोक्यावर ताकदीचा आकडा किमान ८.८ हवा, साधा बोल्ट इथे चालत नाही. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) दरवेळी नवा.

रबर बुशचे (सांध्यातल्या रबरी नळीचे) बोल्ट शेवटचे आवळताना चाकं जमिनीवर हवीत. नवखे हमखास इथेच चुकतात, मग बुश पिळून लवकर फाटतो. १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून बघा.