लस घेऊनही संसर्ग झाला, मग उपयोग काय?

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. कोविडच्या साथीत आमच्या विभागातील बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या, तरीही बाधित झालेल्यांमध्ये लस घेतलेलेच अधिक होते. मग लशीचा उपयोग काय झाला? माझ्या घरी वृद्ध सासूबाई आहेत. माझ्यामुळे त्यांना असलेला धोका लशीने खरोखर कमी झाला होता का?

उत्तर : तुम्ही पाहिले ते खरे आहे, परंतु बाधितांमध्ये लस घेतलेले किती, एवढेच मोजून लशीचा परिणाम कळत नाही. समजा, एका रुग्णालयात २०० कर्मचारी आहेत, त्यांपैकी १८० जणांनी लस घेतली आहे आणि २० जणांनी घेतलेली नाही. पहिल्या गटातील १८ आणि दुसऱ्यातील ६ जणांना संसर्ग झाला, तर एकूण २४ बाधितांपैकी तीन चतुर्थांश लस घेतलेले दिसतील. प्रत्यक्षात मात्र लस घेतलेल्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण १० टक्के आणि न घेतलेल्यांमध्ये ३० टक्के, म्हणजे तिप्पट आहे. जवळजवळ सर्वांनीच लस घेतलेल्या विभागात बाधितही बहुतेक लस घेतलेलेच असणार.

या विषयावर सर्वांत भरवशाची माहिती तुमच्याच व्यवसायातील लोकांमुळे मिळाली, कारण त्यांचा विषाणूशी संपर्क अधिक होता आणि त्यांची तपासणीही नियमित होत असे. ब्रिटनमधील ‘सायरन’ अभ्यासात लक्षणे असोत वा नसोत, आरोग्य कर्मचाऱ्यांची दर दोन आठवड्यांनी आरटीपीसीआर चाचणी केली जात होती. त्यामुळे एरवी कोणाच्या ध्यानातही न आलेले संसर्ग मोजले गेले. २०२१ च्या सुरुवातीला फायझरच्या लशीची पहिली मात्रा घेतल्यानंतर २१ दिवसांनी संसर्गाची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी, तर दुसऱ्या मात्रेनंतर सात दिवसांनी सुमारे ८५ टक्क्यांनी घटलेली आढळली. हे संरक्षण टिकाऊ मात्र नव्हते. याच अभ्यासाच्या पुढील टप्प्यात, दुसऱ्या मात्रेनंतर सहा महिने उलटल्यावर ते ५१ टक्क्यांवर आले होते. दंडात दिलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे (अँटीबॉडी, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिने) भरपूर तयार होतात, पण विषाणू प्रथम ज्या नाकाघशात शिरतो तेथील संरक्षण तुलनेने दुबळे असते. त्यातच रक्तातील प्रतिपिंडेही काही महिन्यांत कमी होत जातात. पुढे २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉन या विषाणूच्या बदललेल्या प्रकाराने या प्रतिपिंडांना बऱ्याच अंशी चुकवले. म्हणूनच लस घेतलेल्या सहकाऱ्याला संसर्ग झाला की त्याला निष्काळजी ठरवणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

गंभीर आजाराची गोष्ट निराळी आहे. शरीराची स्मरणक्षमता असलेल्या पेशी प्रतिपिंडांपेक्षा अधिक काळ टिकतात आणि विषाणू आत शिरल्यावरही थोड्या दिवसांत कामाला लागून आजार फुफ्फुसांपर्यंत बळावू देत नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या काळात, आपल्या सुमारे १०,६०० कर्मचाऱ्यांची नोंद तपासली. त्यांतील लस घेतलेल्या बहुतेकांनी कोविशिल्ड घेतली होती. दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये संसर्गापासून संरक्षण ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, प्राणवायूची गरज पडण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागात जाण्यापासून ९४ टक्के आढळले. आजार जितका गंभीर, तितके संरक्षण अधिक, हा क्रम तुमच्या पहिल्या प्रश्नाचे नेमके उत्तर आहे.

आता सासूबाईंविषयी. स्कॉटलंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या घरातील १,९४,००० हून अधिक व्यक्तींची माहिती तपासण्यात आली. कर्मचाऱ्याने पहिली मात्रा घेतल्यानंतर १४ दिवसांनी त्याच्या घरच्यांमधील कोविडचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी, तर दुसऱ्या मात्रेनंतर १४ दिवसांनी ५४ टक्क्यांनी कमी होते. घरच्यांना बाहेरूनही संसर्ग होत असे. तो भाग वेगळा काढता आला असता, तर कर्मचाऱ्यांकडून घरात पोहोचणारा संसर्ग याहूनही अधिक घटलेला दिसला असता. ही आकडेवारी ओमायक्रॉनपूर्वीची आहे आणि तिच्यातही धोका शून्य झालेला नाही, त्यामुळे लक्षणे दिसताच चाचणी करणे, मुखपट्टी वापरणे आणि सासूबाईंपासून वेगळ्या खोलीत राहणे या गोष्टी लस घेतल्यानंतरही आवश्यकच होत्या. तथापि, तुम्ही स्वतः घेतलेल्या लशीने त्यांचाही धोका कमी केला, हे तुम्ही निःशंकपणे मानावे.