रागाखालची भीती

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

धाकट्या बहिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तरी घरात ‘हट्टी’, ‘नाटकी’ हेच शब्द चालू आहेत, असे तू लिहिलेस. तुझ्या तोंडी तरी ते येऊ देऊ नकोस. तिच्या भावना खऱ्या आहेत; त्या चटकन भडकतात आणि निवायला फार वेळ घेतात, त्यामुळे तिचा सबंध दिवस विसकटतो.

तू मकरपुऱ्याच्या कारखान्यात असताना तिचा मेसेज वाचतोस, उत्तर द्यायचे राहून जाते, आणि इकडे दांडिया बाजारातल्या घरी ती फोन हातात धरून बसलेली असते. निळ्या खुणा दिसतात, उत्तर येत नाही. ‘दादा कामात असेल’ इथून ‘दादाला मी नकोच आहे’ इथपर्यंत तिचे मन काही मिनिटांत पोहोचते, आणि सकाळी ज्याला तिने आग्रहाने गरम पोळी वाढली, तोच संध्याकाळी वैरी ठरतो. तुझ्या वाट्याला तिचा राग येतो. त्याच्या खाली आपल्याला टाकून देतील ही भीती असते. अशा वेळी चूक कोणाची याचा निवाडा करत बसू नकोस. ‘उत्तर आले नाही तेव्हा तू फार घाबरली असशील,’ एवढेच म्हण आणि तिला बोलू दे. भीती मान्य केली म्हणजे तिचा आरोप मान्य केला असे होत नाही, हे आईला पटायला वेळ लागेल. कामावर निघताना ‘सव्वापाचला फोन करतो’ असे सांग आणि सव्वापाचला खरोखर कर. ‘मी जन्मभर तुझ्या पाठीशी आहे’ या शपथेपेक्षा मी त्या फोनला अधिक मोल देते.

1980 मध्ये मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात स्थान मिळालेला हा आजार बरीच वर्षे न सुधारणारा समजला जाई. पुढे रुग्णांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतल्यावर बहुतेकांची लक्षणे ओसरतात असे दिसून आले. औषधांची मदत मर्यादित असते, मुख्य भर मानसोपचारावर असतो. या आजारावरची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही मानसोपचाराची पद्धत विकसित करणाऱ्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी, आपणही तरुणपणी अशाच यातना भोगल्याचे 2011 मध्ये जाहीरपणे सांगितले. हे बहिणीला अवश्य सांग.

ती स्वतःला इजा करण्याची भाषा बोलली, तर ‘लक्ष वेधून घेते आहे’ म्हणून कोणीही झटकू नये. जीव द्यावासा वाटतो का, हे तिला शांतपणे, स्पष्ट विचार. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी कळव. अपरात्रीही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चालू असतो. जिवाला धोका दिसला तर मात्र तडक रुग्णालय गाठ.

तुझे रविवारचे क्रिकेट सोडू नकोस. दमलेला, आतून धुमसणारा भाऊ तिला लगेच ओळखू येतो, आणि त्याचा दोष ती स्वतःकडेच घेते.

तुझ्या बाई